कॅरिबियन फुटबॉलपटूचा परदेशी करार: कामांचा क्रम, कागदपत्रे आणि नेहमीच्या चुका

त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमधला किंवा जमैकाच्या किंग्स्टनमधला विशीतला खेळाडू, त्याचा प्रशिक्षक आणि परदेशात राहणारा एखादा नातेवाईक, एवढ्या तिघांच्या भरवशावर परदेशी कराराचे बहुतेक प्रयत्न सुरू होतात. त्यांतले बरेच प्रयत्न कामे उलट्या क्रमाने केल्यामुळे फसतात. आधी ट्रायल ठरते, मग तिकीट काढले जाते आणि क्लबने होकार दिल्यावर लक्षात येते की त्या देशात या खेळाडूला वर्क परमिट मिळूच शकत नाही. हा लेख अशा खेळाडूला सल्ला देणाऱ्यांसाठी आहे. त्यांत क्रीडा-व्यवस्थापनात उतरू पाहणारे आपल्याकडचे तरुणही आले, कारण त्रिनिदादच्या खेळाडूंचे व्हिडिओ गोव्यातील क्लबांपर्यंतही पोहोचत असतात. क्रम असा धरावा: पासपोर्ट, नोंदणीचा इतिहास, देश, फाइल, क्लब, ट्रायल, करार.

## टप्पा १: वय आणि पासपोर्ट

फिफाच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय बदली वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच होते. त्याला मोजके अपवाद आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी दुसऱ्या देशात राहायला गेले असणे, खेळाडू सीमेलगत राहत असणे, किंवा बदली युरोपीय संघाच्या आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या हद्दीतल्या हद्दीत होत असून खेळाडू १६ ते १८ वर्षांचा असणे. जमैका किंवा त्रिनिदादमधून थेट निघणाऱ्या मुलाला शेवटचे दोन अपवाद व्यवहारात लागू पडत नाहीत. पहिल्या अपवादासाठी आईला ‘नोकरी’ मिळवून देण्याची युक्ती सुचवणारे भेटतात, पण अशी प्रकरणे फिफा बारकाईने तपासते आणि त्यात मुलाची नोंदणी अडकून पडते. त्रिनिदादच्या लेव्ही गार्सियाचे नेदरलँड्सच्या एझेड अल्कमार क्लबशी २०१५ मध्ये जमले, तरी नोव्हेंबरमध्ये १८ पूर्ण होईपर्यंत त्याला थांबावे लागले. थांबणे हाच इथला योग्य मार्ग आहे.

त्यानंतर खेळाडूला कोणकोणते नागरिकत्व मिळू शकते, हे आजीआजोबांपर्यंत मागे जाऊन तपासावे. या भागात एकाच समुद्रातल्या बेटांचे कायदेशीर स्थान फार वेगवेगळे आहे. कुरसाव आणि अरुबाचे रहिवासी डच नागरिक असल्यामुळे त्यांना युरोपीय संघात वर्क परमिट लागत नाही. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप हे फ्रान्सचेच भाग आहेत. प्वेर्तो रिकोचा खेळाडू अमेरिकी नागरिक असतो. डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या किंवा क्युबाच्या नागरिकाला स्पेनमध्ये दोन वर्षे कायदेशीर वास्तव्य केल्यावर तिथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस किंवा गयानाच्या खेळाडूला मात्र असा तयार दरवाजा नसतो.

इशारा. ‘माझे आजोबा ब्रिटनमध्ये होते, मला तिकडचा व्हिसा मिळेल’ हे वाक्य जमैकात हमखास ऐकू येते. राष्ट्रकुलातील नागरिकांसाठी असलेल्या वंशाधारित व्हिसासाठी आजी किंवा आजोबांचा जन्म ब्रिटनमध्ये झालेला असावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर किंग्स्टनहून लंडनला कामासाठी गेलेले आजोबा त्यात बसत नाहीत. आई किंवा वडील ब्रिटनमध्ये जन्मले असतील, तर प्रश्न व्हिसाचा न राहता नागरिकत्वाचा होतो आणि तो वकिलाकडून तपासून घेणे योग्य ठरते.

## टप्पा २: नोंदणीचा इतिहास आणि प्रशिक्षण भरपाई

खेळाडू कोणकोणत्या क्लबांत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत नोंदलेला होता, याची लेखी यादी राष्ट्रीय महासंघाकडून मिळवावी. हे काम रटाळ वाटते म्हणून टाळले जाते, आणि जुळत आलेले करार मोडण्यामागे बहुधा हीच टाळाटाळ असते.

त्यामागचे गणित असे. खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक म्हणून दुसऱ्या देशात नोंदला जातो, तेव्हा त्याला वयाच्या १२ व्या वर्षापासून घडवणाऱ्या क्लबांना नव्या क्लबने प्रशिक्षण भरपाई द्यायची असते. खेळाडू ज्या कॅलेंडर वर्षात २३ वर्षांचा होतो, त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हे बंधन राहते. प्रशिक्षणावरील खर्चावरून क्लबांचे चार गट पाडलेले असतात; युरोपीय क्लबांसाठी दर वर्षाला या गटांनुसार ९०,०००, ६०,०००, ३०,००० आणि १०,००० युरो असे दर आहेत, आणि १२ ते १५ या वयोगटातील वर्षे सर्वांत खालच्या दराने मोजली जातात. आता १२ ते १८ अशी सात वर्षे स्थानिक क्लबांत नोंदलेला मुलगा तिसऱ्या गटातल्या युरोपीय क्लबकडे निघाला आहे असे समजा. पहिल्या चार वर्षांचे ४०,००० आणि पुढच्या तीन वर्षांचे ९०,००० मिळून १,३०,००० युरो होतात. बेताच्या आर्थिक ताकदीच्या क्लबला हा आकडा शेवटच्या क्षणी कळला, तर तो मागे फिरतो.

म्हणून घरच्या क्लबशी आधीच बोलावे. क्लबला रक्कम सोडून देण्याची सक्ती कोणी करू शकत नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये, कारण या पैशांवरच तिथल्या लहान क्लबांचे मुलांचे संघ चालतात. परंतु कमी रकमेवर तडजोड, किंवा पुढच्या विक्रीतल्या रकमेत वाटा, असे लेखी समझोते दोन्ही क्लबांना करता येतात. जमैकातील मॅनिंग कप आणि दाकोस्टा कप किंवा त्रिनिदादची माध्यमिक शाळांची लीग या स्पर्धा स्काउट, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारे, आवर्जून पाहतात, पण शाळेच्या संघात खेळणे म्हणजे क्लबची नोंदणी नव्हे. यादी करताना ही गल्लत नेहमी होते.

तपासणी. यादीतल्या तारखांत रिकामी जागा आहे का? एकाच काळात दोन क्लबांची नोंद आहे का? खेळाडूचा सध्याचा करार नक्की कोणत्या दिवशी संपतो? करार संपलेला असेल किंवा संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी काळ उरला असेल, तरच खेळाडू नव्या क्लबशी करारावर सही करू शकतो. करार चालू असेल, तर बोलणी सुरू करण्यापूर्वी नव्या क्लबने सध्याच्या क्लबला लेखी कळवणे बंधनकारक आहे.

## टप्पा ३: देशाची निवड

इथे स्वप्न बाजूला ठेवून नियम वाचावे लागतात.

इंग्लंड. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, परदेशी खेळाडूला फुटबॉल असोसिएशनची मान्यता घ्यावी लागते आणि त्यासाठी खेळाडूचे सामने, त्याची लीग अशा बाबींवरून मोजले जाणारे १५ गुण हवेत. राष्ट्रीय संघाकडून ठरावीक प्रमाणात सामने खेळल्यामुळे आपोआप मिळणारी मान्यता फिफा क्रमवारीतल्या पहिल्या ५० देशांपुरती आहे. देशाचा संघ त्या यादीबाहेर असेल, तर राष्ट्रीय संघातले स्थान एकट्याने पुरत नाही, आणि कॅरिबियन लीग गुणांच्या तक्त्यात सर्वांत खालच्या गटात मोडतात. ‘देशासाठी ७५ टक्के सामने खेळले की काम झाले’ हा सल्ला अजून दिला जातो. तो नियम २०१५ मध्येच बदलला. जून २०२३ पासून प्रत्येक क्लबला गुणांत न बसणाऱ्या काही खेळाडूंसाठी मोजक्या जागा मिळतात, मात्र त्या जागांसाठी साऱ्या जगातून स्पर्धा असते.

अमेरिका. इथे दोन वाटा आहेत. पहिली विद्यापीठाची: जमैकाचा गोलरक्षक आंद्रे ब्लेक कनेक्टिकट विद्यापीठात खेळला आणि २०१४ मध्ये एमएलएस या अमेरिकेतल्या अव्वल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, फिलाडेल्फिया युनियनने त्याला पहिल्याच क्रमांकावर निवडले. ज्याला ही वाट धरायची आहे, त्याने घरी व्यावसायिक करारावर सही करण्यापूर्वी किंवा एजंट नेमण्यापूर्वी विद्यापीठीय क्रीडा संघटनेचे पात्रतेचे नियम वाचावेत, कारण घाईने केलेली एक सही पात्रता घालवू शकते. दुसरी वाट खालच्या लीगमधून वर चढण्याची. त्रिनिदादचा केव्हिन मोलिनो २०११ मध्ये ऑर्लँडो सिटीत गेला तेव्हा तो क्लब एमएलएसमध्ये नव्हता. २०१५ मध्ये क्लब वर आला आणि मोलिनोही त्याच्याबरोबर आला. एमएलएस आणि तिच्या खालची लीग, दोन्हींत परदेशी खेळाडूंच्या जागा मर्यादित असतात. ग्रीन कार्ड असलेला खेळाडू एमएलएसमध्ये ती जागा अडवत नाही, त्यामुळे कुटुंबामार्फत ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असल्यास ते क्लबला जरूर सांगावे. खेळाडूंसाठीच्या व्हिसाचा मूळ अर्ज क्लबने करायचा असतो. हैतीच्या नागरिकांवर अमेरिकेने जून २०२५ पासून प्रवेशबंदी घातली आहे; त्यांच्यासाठी सध्या ही वाट धरून वेळ घालवण्यात अर्थ नाही.

नेदरलँड्स. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला तिथल्या अव्वल लीगमधील खेळाडूंच्या सरासरी वेतनाच्या दीडपट वेतन द्यावे लागते. १८ आणि १९ वर्षांच्या खेळाडूंसाठी हे प्रमाण ७५ टक्के आहे. म्हणजेच १९ वर्षांचा मुलगा क्लबला परवडू शकतो आणि २१ व्या वर्षी तोच महाग ठरतो. दरम्यान कुरसावचा तेवढ्याच गुणवत्तेचा खेळाडू डच नागरिक म्हणून सामान्य वेतनावर मिळतो. याला अन्याय म्हणा हवे तर, पण क्लबचा हिशेबनीस असाच विचार करतो.

उत्तर युरोप, इस्रायल, ग्रीस. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये हंगाम वसंतात सुरू होऊन शरदात संपतो, त्यामुळे खेळाडूंची जुळवाजुळव हिवाळ्यात होते. खालच्या श्रेणीतले वेतन बेताचे असते, पण तिथले सामने चित्रित होतात आणि पाहिले जातात. माझ्या मते पहिल्या परदेशी करारासाठी वेतनापेक्षा ही गोष्ट मोलाची आहे. गार्सियाचा पुढचा प्रवासही अल्कमारहून इस्रायल आणि मग अथेन्सचा एईके असा झाला. मोठ्या लीगकडे सरळ उडी त्यातही नव्हती.

भारत. त्रिनिदादच्या अँथनी वुल्फ आणि विलिस प्लाझा यांनी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळताना नाव कमावले. प्लाझाने २०१८-१९ च्या आय-लीगमध्ये २१ गोल केले. भारतातील परदेशी खेळाडूंची मर्यादा स्पर्धेनुसार आणि हंगामानुसार बदलते, म्हणून चालू हंगामाचे परिपत्रकच पाहावे. एक बारीक पण महत्त्वाची बाब: त्रिनिदाद, गयाना आणि सुरिनामहून भारतात येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते आणि लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. प्रमाणपत्र नसेल, तर खेळाडूची रवानगी मैदानाऐवजी विलगीकरण कक्षात होते.

तपासणी. निवडलेल्या प्रत्येक देशापुढे चार गोष्टी लिहाव्यात: ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या नोंदणीचा ठरावीक काळ) कधी उघडते आणि कधी बंद होते, परदेशी खेळाडूंच्या जागा किती, किमान वेतनाची अट काय, आणि ट्रायलपुरते जायला व्हिसा लागतो का. या शेवटच्या प्रश्नात ताजी माहितीच उपयोगाची. त्रिनिदाद, बार्बाडोस किंवा ग्रेनाडाचा नागरिक शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) अल्प मुदतीसाठी व्हिसाशिवाय जाऊ शकतो, जमैकाचा जाऊ शकत नाही. ब्रिटनने डोमिनिकाच्या नागरिकांना जुलै २०२३ पासून आणि त्रिनिदादच्या नागरिकांना मार्च २०२५ पासून व्हिसा सक्तीचा केला आहे. जुन्या अनुभवावर विसंबून तिकीट काढलेले खेळाडू विमानतळावरून परत गेले, तर त्यात नवल नाही.

## टप्पा ४: कागदपत्रे आणि वैद्यकीय फाइल

जन्मदाखला, पासपोर्ट, शाळेचा दाखला आणि महासंघाची नोंद, या चारही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी असावी. जन्माची नोंद उशिरा झालेली असेल, तर वयाबद्दल शंका घेतली जाणार हे गृहीत धरून लसीकरणाचे कार्ड आणि प्राथमिक शाळेची नोंद सोबत जोडावी. पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र ठरावीक काळच ग्राह्य धरले जाते, म्हणून ते फार आधी काढू नये. परदेशात वापरायच्या दाखल्यांवर अपोस्टील, म्हणजे दाखला खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, घ्यावा. त्रिनिदादमध्ये ही सोय २००० पासून आणि जमैकात २०२१ पासून आहे.

वैद्यकीय फाइलीत हृदयाचा ईसीजी आणि इको, जुन्या दुखापतींचे एमआरआय आणि शस्त्रक्रियेचे अहवाल असावेत. दुखापत लपवू नये, कारण क्लबचा डॉक्टर ती शोधून काढतोच आणि मग खेळाडूच्या शब्दावरचा विश्वासही उडतो. कॅरिबियन खेळाडूंनी सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून अहवाल जवळ ठेवावा. केवळ वाहक असणे म्हणजे खेळण्यास अपात्र असणे नव्हे, पण कडक उन्हातल्या किंवा उंचावरच्या सरावात ही माहिती प्रशिक्षकांना असणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

## टप्पा ५: व्हिडिओ

चार ते पाच मिनिटांची फीत आणि तीन अखंड सामने, एवढे पुरे. गाणे लावू नये, संथ गतीची दृश्ये घालू नयेत. प्रत्येक दृश्याच्या सुरुवातीला खेळाडूभोवती वर्तुळ काढावे आणि सामना, तारीख व प्रतिस्पर्धी संघ पडद्यावर लिहावा. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्या जागेच्या खेळाडूकडून अपेक्षित असलेले मूळ काम दिसले पाहिजे: बचावपटूचे हवेतले द्वंद्व आणि जागा घेणे, मधल्या फळीतल्या खेळाडूचे चेंडू घेण्यापूर्वी मान वळवून पाहणे, स्ट्रायकरची चेंडू नसतानाची धाव.

कॅरिबियन मैदानांवर कॅमेरा बहुधा खालच्या पायऱ्यांवरून आणि चेंडूमागे फिरत चित्रण करतो, त्यामुळे खेळाडूची जागा राखण्याची समज दिसतच नाही. शक्य असेल तर उंचावरून, अर्धे मैदान दिसेल असे चित्रण स्वतंत्रपणे करून घ्यावे. कॉन्ककॅफ (उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनचा फुटबॉल महासंघ) कॅरिबियन कप ही क्लबांची स्पर्धा किंवा राष्ट्रीय संघाच्या सामन्यांतील दहा मिनिटे स्थानिक लीगमधल्या दुबळ्या संघाविरुद्धच्या चार गोलांपेक्षा जास्त वजनदार ठरतात, कारण स्काउटला प्रतिस्पर्ध्याचा दर्जा आधीपासून माहीत असतो.

## टप्पा ६: एजंट

ऑक्टोबर २०२३ पासून फिफाचा परवाना असलेल्या एजंटलाच खेळाडूच्या वतीने आंतरराष्ट्रीय बोलणी करता येतात. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर आहे आणि त्यात नाव शोधायला दोन मिनिटे लागतात. प्रतिनिधित्वाचा करार लेखी असावा आणि त्याची मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त नसावी. फिफाने ठरवलेली मानधनाची कमाल मर्यादा न्यायालयीन वादांमुळे डिसेंबर २०२३ पासून स्थगित झाली, म्हणून टक्केवारी कशावर मोजायची, ढोबळ वेतनावर की निव्वळ वेतनावर, हे आकड्यांत लिहून घ्यावे.

इशारा. भविष्यातल्या बदलीच्या रकमेचा ठरावीक टक्का अकादमीच्या मालकाला, प्रायोजकाला किंवा ‘खर्च केलेल्या’ काकांना लिहून देण्याचा कागद पुढे आला, तर सही करू नये. खेळाडूच्या आर्थिक हक्कांत तिसऱ्या पक्षाच्या मालकीवर मे २०१५ पासून बंदी आहे. आमंत्रणपत्रासाठी ‘नोंदणी शुल्क’ मागणारा क्लब बहुधा अस्तित्वात नसतो, किंवा त्या क्लबला अशा पत्राचा पत्ता नसतो. पत्रावरील फोन नंबर बाजूला ठेवून क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरील नंबरवर फोन करून खात्री करावी.

## टप्पा ७: ट्रायल

निघण्यापूर्वी या बाबी लेखी हव्यात: तारखा, राहण्याची जागा, प्रवासखर्च कोणाचा, दुखापत झाल्यास उपचारांचा खर्च कोणाचा, आणि निर्णय कोण कधी कळवणार. सध्याचा क्लब असेल, तर त्याची लेखी परवानगी. परतीचे तिकीट खेळाडूच्या नावावर आणि पासपोर्ट त्याच्याच खिशात असावा. ‘सांभाळायला’ म्हणून तो कोणाच्याही हाती देऊ नये.

कमाल ३२ अंशांतून उणे तापमानात आणि कृत्रिम गवतावर उतरणाऱ्या खेळाडूला जुळवून घ्यायला दिवस लागतात. शक्य असेल तर सरावाच्या पहिल्या दिवसाच्या चारपाच दिवस आधी पोहोचावे आणि कृत्रिम गवताचे बूट घरीच वापरून रुळवून घ्यावेत. घरचा हंगाम संपून महिना उलटला असेल आणि अंगात सामने नसतील, तर ट्रायल पुढे ढकलण्याची विनंती करणे शहाणपणाचे आहे. एकदा नाकारलेल्या खेळाडूला त्याच क्लबकडून दुसरी संधी क्वचितच मिळते.

## टप्पा ८: करार वाचणे

वैद्यकीय तपासणी सहीच्या आधी व्हायला हवी. तपासणीत उत्तीर्ण होणे किंवा वर्क परमिट मिळणे, यावर कराराची वैधता अवलंबून ठेवता येत नाही, असे फिफाचा नियम सांगतो. क्लबच्या मसुद्यात असे कलम दिसले, तर ते काढायला सांगावे आणि क्लबने आपली चौकशी आधीच पूर्ण करावी. कराराची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे आणि किमान चालू हंगामाच्या अखेरपर्यंत असते. १८ वर्षांखालील खेळाडूसाठी कमाल मर्यादा तीन वर्षांची.

वेतन करापूर्वीचे की करानंतरचे, कोणत्या चलनात, महिन्याच्या कोणत्या तारखेला. घर, विमानाची तिकिटे आणि विमा. मुदत वाढवण्याचा अधिकार एकट्या क्लबकडे आहे का. संघ खालच्या श्रेणीत घसरला तर वेतन कमी होते का. हे सारे एका कागदावर उतरवून काढावे. करार दोन भाषांत असेल, तर वाद झाल्यास कोणती भाषा ग्राह्य, हे पाहावे. बोलण्यात कबूल केलेली आणि कागदावर नसलेली गोष्ट मिळणार नाही, असे धरून चालावे.

तपासणी. नवीन खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी असलेल्या क्लबांची यादी फिफा प्रसिद्ध करते. थकबाकीमुळे बंदी आलेल्या क्लबशी सही केली, तर नोंदणी होत नाही आणि वेतनाची अवस्थाही त्यावरून ओळखावी.

## टप्पा ९: नोंदणी आणि पहिले महिने

सही झाली म्हणजे मैदानावर उतरता येते असे नाही. नव्या देशाच्या महासंघाने फिफाच्या प्रणालीतून आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र मागवायचे असते, आणि विंडो बंद होण्यापूर्वी ही मागणी गेली पाहिजे. घरच्या महासंघातला अधिकारी कोण, तो कोणत्या वेळेत कामावर असतो, हे आधीच माहीत करून घ्यावे. किंग्स्टन आणि स्टॉकहोममधले वेळेचे अंतर शेवटच्या शुक्रवारी चांगलेच जाणवते. एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांत होऊ शकते आणि अधिकृत सामने सर्वसाधारणपणे दोनच क्लबांकडून खेळता येतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला घरच्या क्लबकडून ‘एखादा सामना’ खेळण्यापूर्वीही विचार करावा.

वेतनाची प्रत्येक पावती आणि बँकेची नोंद पहिल्या महिन्यापासून जपून ठेवावी. दोन महिन्यांचे वेतन थकले, तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. त्यानंतरही पैसे आले नाहीत, तर खेळाडू योग्य कारणाने करार संपवू शकतो. नोटीस न देता रागाच्या भरात विमानात बसून घरी परतणारा खेळाडू स्वतःच करारभंगाचा दोषी ठरण्याचा धोका पत्करतो. तक्रार फिफाच्या वाद निवारण कक्षाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते, आणि त्यासाठी लागणारी कराराची सही झालेली प्रत खेळाडूकडे असावी लागते. ती एजंटच्या कपाटात असून भागत नाही.